सिद्दींची बैठकी धमाल आणि बिदागीचा प्रश्न

२०२६ च्या प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी पद्म पुरस्कारांची यादी प्रसिद्ध झाली, तीत जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव होते. नव्वदी ओलांडलेल्या वादकाला कलेसाठी पद्मश्री मिळाली, हे वाचून कोणाही संगीतशिक्षकाला समाधान वाटावे. जव्हारपासून सिल्वासा काही फार दूर नाही. मध्ये राज्याची सीमा असली तरी डोंगर तेच, वारली आणि कोकणा वस्ती तीच, आणि दुधी भोपळ्याचा पोकळ कोठा फुंकून वाजवायचा तारपाही तोच. तेव्हा हा सन्मान दादरा-नगर हवेलीतल्या पाड्यांनाही आपला वाटला असल्यास नवल नाही.

परंतु या टापूत आणखी एक वाद्यपरंपरा आहे आणि तिच्याविषयी आपल्या घरांतून क्वचितच बोलले जाते. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून एक झाले. दमण-दीवच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘सिद्दी’ हे नाव पूर्वीपासून आहे. म्हणजे सिल्वाशाचा वारली आणि दीवचा सिद्दी आता एकाच कारभाराखाली आले. आफ्रिकेतून शतकांपूर्वी या किनाऱ्यावर आलेल्या किंवा आणल्या गेलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या समाजातील हीरबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या गीरजवळच्या जांबूर गावच्या. तो सन्मान समाजकार्यासाठी होता आणि सर्वस्वी योग्यच होता. धमाल वाजवणाऱ्या सिद्दीला कलावंत म्हणावयाचे की नाही, आणि म्हणावयाचे तर कोणाच्या अटींवर, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. आज मला त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या मराठी कुटुंबांना सिद्दी ठाऊक आहे तो जंजिऱ्याचा. शाळेत असताना पन्हाळ्याचा वेढा आपण सगळ्यांनीच घोकलेला असतो. १६६० चा सिद्दी जौहर म्हणजे शत्रू, एवढे डोक्यात पक्के बसते. मलिक अंबराविषयी थोडा आदर असतो, कारण त्याने मोगलांना दमवले आणि जमीनमहसुलाची घडी बसवली. पण तोही लढाईच्या आणि कारभाराच्या प्रकरणातच भेटतो. ‘हबशी’ हा शब्द तर आपल्या घरात काळ्यासावळ्या पोराला चिडवण्यासाठी वापरला जातो आणि त्यात काही वावगे आहे असे आजीलाही वाटत नाही. ज्यांनी आपल्याशी तलवारीने व्यवहार केला त्यांची नोंद बखरींत झाली. ज्यांच्या हाती तलवार नव्हती, ओझे होते, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. त्यांनी आपली नोंद चामड्यावर ठेवली.

या दुसऱ्या सिद्दींची संख्या राज्यकर्त्या सिद्दींहून कितीतरी मोठी होती. कोणी अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आले, कोणी पोर्तुगीजांच्या. दीव आणि दमणचा मोझांबिकशी कापडाचा आणि हस्तिदंताचा व्यापार होता आणि त्याच वाटेने माणसेही विकली जात. नाशिककरांना शरणपूर हे नाव रस्त्याचे म्हणून परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे मिशनऱ्यांच्या वसाहतीत गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले राहात, शिकत. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये डॉ. लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. नाशिकच्या शाळेतील मुलगा आणि एवढी मोठी यात्रा; पण आपल्या कोणत्या पाठ्यपुस्तकात तो आहे?

संस्थानी दरबारांना या माणसांचा कान परका नव्हता. सुरतेजवळचे सचिन संस्थान जंजिऱ्याच्याच घराण्याचे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला. त्याची नायिका झुबेदा ही सचिनच्या नवाबांची कन्या म्हणून ओळखली जाई. चित्रपटाने तिचे रूप घेतले, कुळाची गोष्ट मागे टाकली. पण ते दरबारचे झाले. सामान्य सिद्दींचे संगीत दरबारात वाढले नाही. ते भरूच जिल्ह्यात, झगडिया तालुक्यातील रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांच्या दर्ग्याभोवती जगले. पूर्वी हे गाव राजपिपळा संस्थानात होते. बावा गोर हे हबशी संत, अकिकाच्या व्यापाऱ्यांचे पूज्य पुरुष. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिस्रा. त्या टेकडीवर हिंदू, पारशी, मुसलमान सगळेच नवस फेडायला जातात. आपल्या बडोद्याहून सकाळी निघालेला माणूस दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो, इतके ते जवळ आहे.

आता वाद्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा विषय वाद्यांतूनच समजतो. मुगरमान हा उभा, पायांवर ठेवलेला ढोल. मुसिंडो हा गळ्यात अडकवायचा दोन तोंडांचा. माई मिस्रा हे नाव संत भगिनीचे, तसेच नारळाच्या करवंटीत खडे घालून वर कापड शिवलेल्या खुळखुळ्याचेही. तो बायकांच्या हाती असतो. आणि मलुंगा. मलुंगा म्हणजे धनुष्य. वाकवलेल्या काठीला एक तार, काठीच्या अंगाला भोपळ्याचा तुंबा, आणि वादक त्या तारेवर बारीक काडीने आघात करतो. तार दाबून स्वर उंचावतो, तुंबा छातीशी जवळ-दूर करून नाद उघडतो-मिटतो. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वंशजांनी ‘बेरिंबाव’ नावाचे अगदी असेच वाद्य जपले आहे. अटलांटिक महासागराच्या पलीकडे एक आणि अरबी समुद्राच्या अलीकडे एक. दोन्हींच्या मध्ये अख्खी आफ्रिका. एका घरातून दोन दिशांना विकलेली भावंडे बोलू लागली की आवाज सारखा यावा, तसे हे आहे.

या वादनाला सिद्दी लोक ‘गोमा’ किंवा ‘धमाल’ म्हणतात. ‘न्गोमा’ हा पूर्व आफ्रिकेतील भाषांत ढोलाचा आणि ढोलावरच्या नृत्याचा शब्द आहे. त्यांच्या जिकरांत काही शब्द असे येतात की गाणाऱ्याला त्यांचा अर्थ सांगता येत नाही; अभ्यासकांनी त्यांतले काही स्वाहिली असल्याचे दाखवले आहे. प्रा. नझीर जैरझभॉय यांचे रागांवरील १९७१ चे पुस्तक आपल्या क्षेत्रात मान्यता पावलेले आहे; त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एमी कॅटलिन यांनी सिद्दींच्या संगीतावर कष्टाने काम केले आणि २००३ मध्ये त्यावर चित्रपटही केला. अर्थ न कळता शब्द जपणे याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. आपल्या ख्यालांच्या कितीतरी बंदिशींत अर्थ हरवलेले शब्द आहेत आणि ते आपण गुरूने दिले तसेच गातो. त्याला आपण घराणे म्हणतो.

लयीविषयी एक. प्रथम ऐकताना ही सहा मात्रांची चाल वाटते आणि तबलजीचा हात सवयीने दादरा धरू पाहतो. (दादरा गाव आणि दादरा ताल यांचा संबंध काय, असे मला सिल्वाशात एका विद्यार्थ्याने विचारले होते. काही नाही. पण प्रश्न गोड होता.) थोड्या वेळाने लक्षात येते की एका ढोलावर सहांचे तीन-तीन असे दोन भाग पडताहेत आणि दुसऱ्यावर दोन-दोन असे तीन, आणि दोन्ही एकाच वेळी चालू आहेत. आपल्याकडे आडीची लय आपण मुद्दाम दाखवतो आणि समेवर येऊन दाद घेतो. येथे आडी आणि सरळ दोन्ही घरचीच आहेत; कोणी कोणाला दाखवत नाही. लोक ‘आदिवासी ढोल’ म्हणून ज्याची बोळवण करतात ते इतके साधे नाही, हे तबला शिकवून पोट भरणारा मनुष्य या नात्याने मी सांगू शकतो.

सिल्वाशाला मी परीक्षक म्हणून जातो. वापीला उतरून पुढे पंधरा-सोळा किलोमीटर. मराठी गाणाऱ्या घरांत या गावाचे नाव निघाले की सुधीर फडके आठवतात, आणि आठवावेतच. १९५४ च्या ऑगस्टमध्ये सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले, त्या लढ्यात बाबूजी होते. पुढल्याच वर्षी त्यांनी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घराघरांत नेले. त्याआधी पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास पेशव्यांनीच हा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला होता, ही गोष्ट आपण जरा हळू आवाजात सांगतो. असो. आजचे सिल्वासा कारखान्यांचे गाव आहे आणि परीक्षेला येणारी मुले देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आलेल्या कामगारांची आहेत.

तेथे एका शाळेच्या स्नेहसंमेलनात तारप्याच्या नाचानंतर धमालचे पथक होते. कार्यक्रमानंतर मुसिंडो वाजवणाऱ्या गृहस्थांशी बोलणे झाले. वय पंचावन्नच्या आसपास. गुजरातेत सिद्दी माणसाला ‘बादशहा’ म्हणण्याची रीत आहे, तशी त्यांना सगळे ‘बादशहा’ म्हणत होते. त्या हाकेत थोडी थट्टा असते आणि थोडी माया, आणि कोणत्या वेळी कोणती हे तेच ओळखतात. मूळ भरूचकडचे. वीस-बावीस वर्षे सुताच्या एका कारखान्यात रखवालदारी केली. तेथे ठेकेदार बदलला, जुनी माणसे कमी झाली, आणि पुतण्यांच्या पथकात हा जाणता हात हवाच होता.

“लहानपणापासून वाजवतोय, मास्तर,” ते म्हणाले. (बोलणे गुजरातीत झाले, मी मराठीत देतो.) “पण कला म्हणून नव्हे. उरूस आला की जायचे, वाजवायचे. बाबांचे काम ते. त्याचे कोणी पैसे मागते का? मागल्या साली पथकाचा अर्ज भरताना पोराने विचारले, चाचा, धंदा काय लिहू? मी म्हटले, रखवालदार लिही. तो म्हणाला, आता रखवालदार कुठे आहात? मग ‘कलाकार’ लिहिले. चोपन्नाव्या वर्षी.”

ते हसत होते, पण मला एकदम हसू आले नाही. माझे वडील लहान वयात राजवाड्याच्या खाजगी खात्यात पखवाज-तबल्याचे साथीदार म्हणून लागले. १९४९ मध्ये बडोदे संस्थान विलीन झाले, कलावंत कारखान्याचे दिवस संपले. तरी खाजगीतून थोडके तनखे चालू राहिले. १९७१ मध्ये राजांचे तनखे बंद झाले तेव्हा वडील चाळिशीत होते. तोवर त्यांना कोणी धंदा विचारला नव्हता. ‘राजवाड्याचे’ एवढे म्हटले की पुरे. चाळिशीत त्यांना ‘व्यावसायिक कलाकार’ व्हावे लागले: शिकवण्या धरल्या, आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीला बसले. १९५२ नंतर त्या चाचण्यांवरून केवढा गहजब झाला होता, हे जुन्या वाचकांनी घरी ऐकले असेल. ज्यांनी उभा जन्म गायले-वाजवले त्यांना परीक्षेला बसवले, म्हणून मोठमोठे बुवा आणि खांसाहेब रुसले होते. वडील रुसले नाहीत, त्यांना रुसणे परवडण्यासारखे नव्हते. पण ‘धंदा’ या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबत असे, हे मी लहानपणी पाहिले आहे.

म्हणून मला वाटते की आपल्या बडोद्यातील, ग्वाल्हेर-इंदूर-कोल्हापुरातील कुटुंबांना या बादशहांची अडचण इतर कोणाहून लवकर समजावी. सेवा म्हणून केलेली कला उतारवयात पोटाचे साधन होते तेव्हा नेमके काय बदलते, ते आपण आपल्या ओसरीवर पाहिले आहे. तंजावरच्या नर्तकी १८८० च्या सुमारास राणीसाहेबांच्या लग्नानिमित्त बडोद्यात आल्या, आंदणाबरोबर आणलेल्या. त्यांनी परक्या मुलखात आपली कला जशीच्या तशी ठेवली आणि आज विद्यापीठात भरतनाट्य शिकवले जाते त्याच्या मुळाशी त्या आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. आणलेल्या माणसांनी कला राखली, याचे कौतुक आपल्याला करता येते. ते रतनपूरच्या टेकडीपर्यंत पोहोचायला हरकत नसावी.

बदलते काय, तर पहिल्यांदा पोशाख बदलतो. बादशहांच्या पथकाला एका आयोजकाने चित्त्याच्या ठिपक्यांचे नकली कातडे कमरेला गुंडाळायला पाठवले होते आणि अंगावर पांढरे पट्टे ओढावयाची सूचना केली होती. मध्येमध्ये जंगली आरोळ्या द्याव्यात, असेही होते. “आमच्या पणजोबांनी बिबट्या पाहिला असेलच,” बादशहा म्हणाले, “तर तो राजपिपळ्याच्या जंगलात.” पथकातील तरुण मुलांना त्या कातड्याचे फारसे काही वाटत नाही, लोक टाळ्या वाजवतात, मोबाइलवर चित्रे काढतात, पुढचे आमंत्रण येते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला दर माणशी हजार-बाराशे मिळणार असतील तर पोशाखावरून भांडण कोण काढील? पण कातडे नेसून जो उभा राहतो तो आपल्या पूर्वजांचा मान राखत नाही, पाहणाऱ्याच्या मनातल्या आफ्रिकेची नक्कल करतो. आफ्रिका त्याच्याजवळ आहे ती हातात आहे, त्या दोन-तीनच्या गुंतागुंतीत आहे, अर्थ न कळता जपलेल्या शब्दांत आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. धमालचे दोन प्रकार आहेत: नाचाची धमाल आणि बैठकी धमाल. नाचाची सगळ्यांनी पाहिलेली असते, निदान दूरदर्शनवर. नारळ उंच फेकून डोक्यावर झेलून फोडतात, ती. गीरच्या अभयारण्याजवळ पर्यटकांसाठी संध्याकाळी होते, तीही हीच. बैठकीत मंडळी बसून गातात, शब्दाला महत्त्व असते, मलुंगा ऐकू येतो, लय सावकाश चढते. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांत काय अंतर आहे ते आपण जाणतो, आणि फडाच्या लावणीने रंगमंच आणि चित्रपट व्यापल्यावर बैठकीच्या लावणीचे काय झाले तेही जाणतो. सिल्वाशाच्या त्या कार्यक्रमात पथकाला आठ मिनिटे होती. आठ मिनिटांत बैठक बसतही नाही. नारळ मात्र तीन फुटतात.

मलुंग्याचा आवाज मुळातच लहान. दोन मुसिंडो वाजू लागले की तो बुडतो, आणि ध्वनिक्षेपकवाल्याला या वाद्याला ध्वनिग्राहक कोठे लावावा हे कळत नाही. काडीजवळ लावला तर नुसती टकटक येते, तुंब्याजवळ लावावा लागतो. म्हणून पथके मलुंगा घरी ठेवतात. बादशहांचे काका वाजवीत. ते गेल्यावर वाद्य भिंतीवर होते. रखवालदारी सुटल्यावर यांनी ते उतरवले, नवी तार चढवली, आणि नात्यातल्या एका वृद्ध फकिराकडे जाऊन शिकायला लागले आहेत. पंचावन्नाव्या वर्षी विद्यार्थी. “डावा हात ऐकत नाही,” म्हणाले. तबल्याच्या वर्गात उशिरा आलेले निवृत्त कारकूनही मला हेच सांगतात, पण त्यांच्या डाव्या हातावर कोणाचा वारसा अवलंबून नसतो.

बाहेरच्या जगात हा प्रश्न दोन-तीन प्रकारे हाताळला गेला आहे. मोरोक्कोतील ग्नावा हे सहारापलीकडून आणलेल्या गुलामांचे वंशज. त्यांचे रात्रभर चालणारे विधीचे संगीत पूर्वी भिकाऱ्यांचे आणि मांत्रिकांचे समजले जाई. १९९८ पासून एस्साविरा शहरात त्यांचा उत्सव भरतो, युनेस्कोने २०१९ मध्ये त्यांच्या संगीताला आपल्या यादीत घेतले, आणि त्यांचे उस्ताद आज जगभर नाव लावून वाजवतात. नाव लावून, हे महत्त्वाचे. आपल्याकडेही गुजरातच्या सिद्दींचे एक पथक ‘सिदी गोमा’ या नावाने या शतकाच्या आरंभापासून युरोप-अमेरिकेत जाऊन आले. परदेशी श्रोत्यांनी त्यांची बैठक पूर्ण वेळ ऐकली. कर्नाटकात हेग्गोडूच्या ‘नीनासम’ने निराळी वाट काढली. १९८० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्री-पुरुषांना घेऊन चिनुआ अचेबे यांच्या आफ्रिकी कादंबरीचे कन्नड नाटक त्यांनी बसवले. शेतात आणि जंगलात मजुरी करणाऱ्या प्रौढ माणसांनी आफ्रिकेतील एका गावाची कहाणी कन्नडमध्ये उभी केली. तेथे त्यांना ‘जंगली’ दिसण्याची गरज पडली नाही; पात्रांना नावे होती, सुखदुःखे होती.

या सर्वांतून आपल्यापुरता हिशेब मला असा दिसतो. मंचावर आलेल्या कलेला परत दर्ग्यात पाठवता येत नाही आणि तसा आग्रह धरणे हा अन्यायही होईल, पोट आहे. दर्ग्यातले शुद्ध आणि मंचावरचे भ्रष्ट, असे म्हणणारे काही विद्वान मला भेटले आहेत. त्यांतले बहुतेक जण स्वतः दर महिन्याच्या एक तारखेला पगार घेतात. आपले ख्यालगायनसुद्धा तिकिटावर आले, त्याने ते मेले नाही. ते जगले ते मात्र फुकट जगले नाही. भातखंडे, पलुस्कर यांनी शाळा काढल्या. मौलाबक्ष यांनी बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा उघडली, तिला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. मैफलींत बिदागी ठरवण्याची रीत पडली. बिदागी ही भीक नव्हे आणि मजुरीही नव्हे, हा भेद आपल्या वडीलधाऱ्यांनी मोठ्या कष्टाने प्रस्थापित केला. सिद्दी वादकाच्या वाट्याला आज ठेक्याची मजुरी येते. पथकाला एक ठोक रक्कम, तीत गाडीभाडे, जेवण आणि ढोलाच्या पुड्यांचा खर्च. वाटणी झाल्यावर म्हाताऱ्या जिकरगायकाच्या हाती उरते तेवढेच, जेवढे नारळ फोडणाऱ्या पोराच्या. कार्यक्रमपत्रिकेत छापतात ‘सिद्दी धमाल नृत्य’. वादकाचे नाव नाही. तबल्यावर साथ कोणाची, हे आपण चहापार्टीच्या गाण्यालाही छापतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कक्षेत गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि राजस्थानबरोबर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही येते, आणि गुरु-शिष्य परंपरेसाठी तेथे योजना आहे. साठी उलटलेल्या गरजू कलावंतांना केंद्राकडून मासिक साहाय्य मिळू शकते. अडचण कागदाची आहे. त्या अर्जांत कलावंत म्हणून केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात: कात्रणे, पत्रिका, प्रमाणपत्रे. ज्याचे नाव कधी पत्रिकेत छापलेच नाही, त्याने चाळीस वर्षे उरुसात वाजवल्याचा पुरावा कोठून आणावा? बावा गोर सही करून देत नाहीत. म्हणून मला पत्रिकेतल्या नावाचा प्रश्न पोशाखाच्या प्रश्नाहून मोठा वाटतो. सिल्वासा-दमणच्या सांस्कृतिक खात्याने एवढे करावे की दरेक कार्यक्रमानंतर प्रत्येक वादकाला त्याच्या नावाचा आणि वाद्याचा दाखला द्यावा, आणि वर्षातून एक रात्र बैठकी धमालसाठी ठेवावी, तास-दीड तासाची, मलुंग्यासह. खर्च फार नाही. ध्वनिग्राहक तुंब्याजवळ लावला की झाले.

आणि हे सारे सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. बडोद्यात आपल्या मंडळांचे संगीतोत्सव होतात, गणेशोत्सवात दहा दिवस कार्यक्रम असतात. लोककलेचा दिवस म्हणून लावणी आणि गोंधळ ठेवतात. नर्मदेकाठचे हे शेजारी त्यांत आजवर मी एकदाही ऐकलेले नाहीत. मंडळाच्या एका चिटणिसांजवळ गोष्ट काढली तेव्हा ते म्हणाले, “अहो, आपल्या बायकामुलांना ते आवडेल का?” बायकामुलांना विचारले होते का, असे मी विचारले. विचारले नव्हते.

बादशहांचा परवा दूरध्वनी आला. एका मोठ्या विश्रामगृहातील लग्नाचे आमंत्रण पथकाला आले आहे, नेहमीच्या दुप्पट पैसे, आणि तारीख नेमकी रतनपूरच्या उरुसाची. पुतण्ये लग्नाला जाणार. त्यांना ते नाही म्हणालेले नाहीत. हप्ते आहेत, मुलांच्या फिया आहेत. स्वतः मात्र टेकडीवर जाणार, मलुंगा घेऊन, पैशांवाचून. डावा हात आता थोडा ऐकू लागला आहे, म्हणाले. एका लहान नातीला माई मिस्राचा खुळखुळा धरायला शिकवला आहे, तीही बरोबर येणार आहे. तिच्या शाळेतून त्या दिवसाची रजा मिळावी म्हणून अर्ज कसा लिहावा आणि कारण काय घालावे, हे विचारण्यासाठी त्यांनी मला दूरध्वनी केला होता. मी सांगितले, ‘संगीताच्या कार्यक्रमासाठी’ असे लिहा.